आत्याकडे राहून अमेरिकेतील सरकारी शाळेत शिकता येईल का? व्हिसाच्या दृष्टीने सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांचा मुलगा सध्या नववीत शिकतो. त्यांची मोठी बहीण बऱ्याच वर्षांपासून न्यू जर्सीमध्ये स्थायिक असून तिथली नागरिक आहे. मुलाच्या पासपोर्टवर पर्यटकांना मिळणारा बी-1/बी-2 व्हिसा आधीपासून आहे आणि त्याची मुदत संपायला अजून सात वर्षे आहेत. तेव्हा दहावी ते बारावी अशी तीन वर्षे मुलाला आत्याकडे ठेवून तिथल्या सरकारी शाळेत घालता येईल का, आत्याने कायदेशीर पालकत्व घेतले तर शुल्क माफ होईल का, आणि शाळेच्या कार्यालयाने "पत्त्याचा पुरावा आणि लसीकरणाचे कागद घेऊन या, नाव दाखल करून घेऊ" असे फोनवर सांगितले आहे, त्यावरून व्हिसाची काही अडचण नाही असे समजावे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी परदेशी शिक्षणाचे मार्गदर्शन गेली अठरा वर्षे करतो आहे आणि याच धर्तीचा प्रश्न दरवर्षी निदान आठ-दहा पालक विचारतात, म्हणून आधी सरळ उत्तर देतो. पर्यटक व्हिसावर मुलाला तिथल्या शाळेत घालता येणार नाही. आत्याने पालकत्व घेतल्याने व्हिसाच्या नियमांत काहीही फरक पडत नाही. विद्यार्थी व्हिसा घेतला तरी सरकारी शाळेत तीन वर्षे शिकता येणार नाही, जास्तीत जास्त बारा महिने शिकता येईल, आणि तेही पूर्ण खर्च आगाऊ भरून. शाळेने दिलेला होकार खरा असला तरी तो वेगळ्या प्रश्नाला दिलेला होकार आहे. बहुतेक पालकांची गफलत याच शेवटच्या मुद्द्यावर होते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली 'प्लायलर विरुद्ध डो' या टेक्सासमधील खटल्यात असा निर्णय दिला की मुलाकडे वैध कागदपत्रे नाहीत एवढ्या कारणावरून त्याला सरकारी शाळेतील मोफत शिक्षण नाकारता येणार नाही. त्या निर्णयामुळे तिथल्या शाळा प्रवेश देताना साधारणपणे व्हिसा विचारत नाहीत. मूल आपल्या हद्दीत राहते का, त्याचे वय काय, लसी टोचल्या आहेत का, एवढेच पाहतात. त्यामुळे तुमच्या बहिणीने फोन केला तेव्हा कार्यालयातील व्यक्तीने जे सांगितले त्यात चूक काहीच नव्हती. शाळेला जे तपासण्याचा अधिकार आहे ते तिने तपासले. मुलाने कोणत्या व्हिसावर देशात यायचे आणि आल्यावर काय करायचे हे ठरवणारा कायदा वेगळा आहे, तो लागू करणाऱ्या यंत्रणा वेगळ्या आहेत आणि त्यांच्यापुढे शाळेचा प्रवेश हा बचाव म्हणून चालत नाही. उलट तो पुरावा ठरतो.

हे कसे घडते ते एका प्रकरणातून सांगतो. काही वर्षांपूर्वी एक मुलगी अमेरिकेतील विद्यापीठाचा प्रवेश हातात घेऊन माझ्याकडे आली. गुण उत्तम, पैशांची तजवीज पक्की, विषयाची समज चांगली. फाइल चाळताना तिच्या गुणपत्रकांमध्ये एक पत्रक अमेरिकेतील एका शाळेचे दिसले, त्यावर नाव दाखल केल्याची तारीख सप्टेंबरमधली आणि शेवटचा दिवस पुढच्या जूनमधला. पासपोर्टवर त्या काळात फक्त पर्यटक व्हिसा होता. सहा महिन्यांच्या मुक्कामाची मुदत एकदा वाढवून घेतली होती आणि त्या अर्जात कारण "नातेवाइकांसोबत वास्तव्य" असे लिहिले होते. मावशीने प्रेमापोटी शाळेत नाव घातले होते, शाळेने काही विचारले नव्हते आणि घरातल्या कुणालाच आपण नियम मोडतो आहोत असे वाटले नव्हते. मुलाखतीत अधिकाऱ्याने तिला एकच प्रश्न विचारला, "दहावी कुठे केलीस?" तिने खरे उत्तर दिले, आणि खरेच द्यायला हवे होते. व्हिसा नाकारला गेला. चौदा वर्षांच्या मुलीने स्वतः न घेतलेल्या निर्णयाची किंमत अठराव्या वर्षी मोजली, हे मला आजही फार लागते, आणि म्हणूनच हे उत्तर इतके लांबवून लिहितो आहे.

आता पर्यटक व्हिसाचे बघू. पासपोर्टवरील या व्हिसाची दहा वर्षे ही दाराशी जाऊन उभे राहण्याची मुदत आहे, आत राहण्याची नव्हे. आत किती दिवस राहायचे हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, ते आय-94 या नोंदीत लिहिलेले असते आणि पर्यटकासाठी ते साधारणपणे सहा महिने असते. या काळात मुलाने आत्याकडे राहावे, फिरावे, एखादा हौशी, श्रेयांक न देणारा छोटा वर्ग करावा, भावंडांसोबत शाळा पाहून यावे, यात गैर काही नाही. मात्र शाळेत नाव घालून नियमित शिक्षण सुरू करणे याला बी-2 व्हिसावर मनाई आहे. 2002 सालापासून नियमांत हे स्पष्ट शब्दांत आहे.

यावर पालक पुढचा प्रश्न विचारतात, की पर्यटक म्हणून जाऊन तिथेच विद्यार्थी दर्जासाठी अर्ज केला तर? असा अर्ज करण्याची सोय आहे, परंतु तो मंजूर होईपर्यंत शाळेत जाता येत नाही, निर्णयाला कित्येक महिने लागू शकतात आणि तोपर्यंत मुलाचा मुक्काम वैध राहिला पाहिजे. शिवाय शाळेचा बेत आधीपासून ठरलेला असताना विमानतळावर "फिरायला आलो आहे" असे सांगणे म्हणजे चुकीचे निवेदन देणे होय, आणि जाणूनबुजून केलेल्या चुकीच्या निवेदनाबद्दल कायमची प्रवेशबंदी लागू शकते. तुमचा बेत तुम्ही प्रश्नातच लिहिला आहे. त्यामुळे हा मार्ग तुमच्यासाठी नाही असे मी निःसंदिग्धपणे सांगेन.

मग विद्यार्थी व्हिसा, म्हणजे एफ-1. इथे आधी एका शब्दाचा खुलासा करतो, कारण त्यावरून गैरसमज होतो. आपल्याकडे ज्या शाळांच्या नावात 'पब्लिक स्कूल' असते त्या बहुतेक खासगी असतात. अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे स्थानिक करांच्या आणि सरकारी पैशांवर चालणारी शाळा. चार्टर शाळा, म्हणजे सरकारी पैशांवर पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या शाळाही त्यातच मोडतात. एफ-1 व्हिसाच्या नियमांत खासगी शाळा आणि सरकारी शाळा यांच्यात मोठा फरक आहे आणि तो 1996 सालच्या कायद्याने केला. परदेशी मुले नातेवाइकांकडे राहून स्थानिक करदात्यांच्या पैशांवर शिकतात अशी तक्रार त्या वेळी होती, आणि त्यावर संसदेने जो उपाय केला तो आजही जसाच्या तसा लागू आहे.

त्या कायद्यानुसार पहिली ते आठवी या वर्गांसाठी सरकारी शाळेत एफ-1 मिळतच नाही. नववी ते बारावीसाठी मिळतो, परंतु सगळा मिळून बारा महिन्यांपेक्षा जास्त नाही. "सगळा मिळून" हे शब्द महत्त्वाचे आहेत. एक वर्ष शिकून मुलगा परत आला आणि दोन वर्षांनी पुन्हा दुसऱ्या सरकारी शाळेसाठी अर्ज केला तर आधीचे महिने मोजले जातात. दुसरी अट अशी की त्या शाळेला एका विद्यार्थ्यामागे वर्षाला येणारा पूर्ण खर्च, कोणतेही अनुदान वजा न करता, विद्यार्थ्याने भरायचा, आणि तोही व्हिसा मिळण्याआधी. ही रक्कम किती हे त्या त्या स्कूल डिस्ट्रिक्टवर, म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेवर अवलंबून असते. न्यू जर्सी हे शाळांवर सर्वाधिक खर्च करणाऱ्या राज्यांपैकी आहे. तिथे हा आकडा वर्षाला 20,000 डॉलरच्या वर जातो हे धरून चालावे.

आत्याने इतकी वर्षे घराचा कर भरला आहे, तो यात धरला जाणार नाही का, असा युक्तिवाद तुम्ही केला आहे. भावना समजण्यासारखी आहे, परंतु नातेवाइकाने भरलेला कर या परतफेडीत मोजला जात नाही, असे अमेरिकेच्या परराष्ट्र विभागाने स्वतः स्पष्ट केले आहे. शाळेला ही रक्कम माफ करण्याचा अधिकार नाही आणि व्हिसा अधिकाऱ्यालाही नाही. माझ्याकडील एका कुटुंबाच्या बाबतीत तिथल्या डिस्ट्रिक्टने मोठ्या मनाने पत्र दिले की या विद्यार्थ्याचे शुल्क आम्ही माफ करत आहोत. ते पत्र घेऊन मुलगा मुलाखतीला गेला आणि त्याच पत्रामुळे त्याचा अर्ज अडकला. नंतर रक्कम भरली, डिस्ट्रिक्टच्या लेटरहेडवर नवीन पत्र आणले, त्यात एका विद्यार्थ्यामागचा पूर्ण खर्च अमुक डॉलर असून तो संपूर्ण भरला आहे असे एक वाक्य आकड्यासह होते, खाली अधिकृत सही होती, आणि मग व्हिसा मिळाला.

पालकत्वाबद्दलही थोडे सविस्तर सांगायला हवे. न्यायालयातून पालकत्व मिळाले तरी मुलाचा इमिग्रेशनचा दर्जा तसाच राहतो. तो पर्यटक असेल तर पर्यटक, विद्यार्थी असेल तर विद्यार्थी. बारा महिन्यांची मर्यादा आणि खर्चाची अट पालक नागरिक असला तरी सुटत नाही. याशिवाय न्यू जर्सीत मूल आई-वडिलांऐवजी दुसऱ्या कुणाकडे राहून मोफत शिकणार असेल तर प्रतिज्ञापत्र मागितले जाते, आणि त्यात आई-वडील कौटुंबिक किंवा आर्थिक अडचणीमुळे मुलाचा सांभाळ करू शकत नाहीत आणि केवळ मोफत शाळेसाठी मूल इथे आणलेले नाही, असे शपथेवर लिहून द्यावे लागते. तुमच्या बाबतीत ही दोन्ही विधाने खरी नाहीत. आपल्या मुलाच्या भल्यासाठी बहिणीला खोट्या प्रतिज्ञापत्रावर सही करायला लावू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक पळवाट सुचवणारे सल्लागार तुम्हाला भेटतील, म्हणून आधीच सावध करतो. खासगी शाळेचा आय-20 (विद्यार्थी व्हिसासाठी शाळेने द्यायचा प्रवेशाचा अधिकृत दाखला) घेऊन एफ-1 व्हिसा काढायचा, तिथे पोहोचल्यावर महिनाभरात खासगी शाळा सोडायची आणि आत्याच्या घराजवळच्या सरकारी शाळेत फुकट नाव घालायचे, असा तो सल्ला असतो. 1996 च्या कायद्याने नेमका हाच मार्ग बंद केला आहे. असे केल्यास व्हिसा रद्द ठरतो, आणि नियमभंग झाल्यापासून सलग पाच वर्षे अमेरिकेबाहेर राहिल्याशिवाय पुन्हा प्रवेश मिळत नाही. दहावीतल्या मुलासाठी त्या पाच वर्षांत पदवीची वेळ निघून जाते.

एवढे वाचून दार पूर्ण बंद आहे असे वाटेल, पण तसे नाही. कोणते दार उघडे आहे हे तुमच्या परिस्थितीवर ठरेल, आणि ती परिस्थिती प्रश्नात पूर्ण आलेली नाही.

खासगी शाळेसाठी बारा महिन्यांची मर्यादा नाही. शाळेला परदेशी विद्यार्थी घेण्याची केंद्र सरकारची मान्यता असली पाहिजे, तरच ती आय-20 देऊ शकते; अशा शाळा गृहसुरक्षा विभागाच्या 'स्टडी इन द स्टेट्स' या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात. एफ-1 वर मुलाने आत्याकडे राहायला काहीच हरकत नाही. प्रश्न फक्त पैशांचा उरतो, आणि जर सरकारी शाळेचाही पूर्ण खर्च भरायचाच असेल तर जवळच्या एखाद्या धर्मसंस्थेच्या खासगी शाळेचे शुल्क त्यापेक्षा कमी असू शकते, ही गोष्ट पालकांच्या लक्षातच येत नाही. मी अशी तुलना करून दिली तेव्हा निम्म्याहून अधिक कुटुंबांनी सरकारी शाळेचा विचार सोडला. सरकारी शाळेत एक वर्ष शिकून, मुदत संपण्याआधी रीतसर बदली घेऊन पुढची वर्षे खासगी शाळेत करणे हेही नियमात बसते, मात्र मुलाला दोनदा रुळावे लागते.

दुसरा पर्याय जे-1 या विनिमय व्हिसाचा. यात सरकारी शाळेत एक सत्र किंवा एक शैक्षणिक वर्ष शिकता येते आणि सरकारी शाळेचा पूर्ण खर्च भरण्याची एफ-1 ची अट लागू होत नाही. परराष्ट्र विभागाने मान्यता दिलेल्या प्रायोजक संस्थेमार्फतच जावे लागते आणि तिचे शुल्क वेगळे असते. कार्यक्रम सुरू होताना मुलाचे वय 15 ते साडेअठरा वर्षांच्या दरम्यान असावे लागते आणि बालवाडी सोडून अकरा वर्षांपेक्षा जास्त शालेय शिक्षण झालेले नसावे. यापूर्वी एफ-1 किंवा जे-1 वर तिथे माध्यमिक शाळेत शिकलेल्या मुलाला हा मार्ग मिळत नाही. आणि तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची अट अशी की मुलाला नातेवाइकांकडे ठेवता येत नाही. संस्थेने निवडलेल्या यजमान कुटुंबाकडेच राहावे लागते. आत्या सुटीत भेटू शकेल, मुक्काम मात्र तिच्याकडे होणार नाही. मुलाला जग पाहू द्यावे हा तुमचा हेतू असेल तर हा मार्ग मला मनापासून चांगला वाटतो. आत्याच्या देखरेखीखाली राहावा हा हेतू असेल तर तो उपयोगाचा नाही.

तिसरी शक्यता तुम्ही विचारली नाही, तरीही नोंदवतो. आई किंवा वडील स्वतः तिथे कामासाठी किंवा शिक्षणासाठी गेले, तर एच-4, एल-2 किंवा एफ-2 अशा आश्रित व्हिसावर असलेले अल्पवयीन मूल सरकारी शाळेत इतर मुलांप्रमाणेच शिकू शकते. बारा महिन्यांची मर्यादा आणि खर्चाची परतफेड त्याला लागू होत नाही. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी एफ-1 घेतला आणि तिची मुलगी एफ-2 वर दोन वर्षे तिथल्या सरकारी शाळेत शिकली. तुमच्या घरी असे काही घडण्याची शक्यता असेल तर सगळे गणित बदलते.

एफ-1 चा मार्ग घेतलाच, तर क्रम असा राहील: शाळेकडून आय-20, त्यावर मुलगा अठराच्या आतील असल्याने तुमचीही सही, सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्रणालीचे) 350 डॉलर शुल्क, डीएस-160 हा ऑनलाइन व्हिसा अर्ज, 185 डॉलर व्हिसा शुल्क, बोटांचे ठसे आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. शुल्कांत अधूनमधून बदल होतो, म्हणून भरण्याच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर आकडा पाहून घ्या. आय-20 मिळण्यापूर्वी विमानाचे तिकीट काढू नका. शाळा सुरू होण्याच्या 30 दिवसांपेक्षा आधी या व्हिसावर प्रवेश मिळत नाही, हेही तारखा ठरवताना लक्षात असू द्या.

मुलाखतीबद्दल पालक सर्वाधिक काळजी करतात आणि तयारी मात्र चुकीची करतात. कायद्याच्या 214-बी या कलमानुसार अर्जदार तिथेच राहून जाणार असे गृहीत धरलेले असते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. पंधरा वर्षांच्या मुलाकडे नोकरी किंवा मालमत्ता नसते, त्यामुळे अधिकारी त्याच्या योजनेकडे पाहतो. ही शाळा का, एक वर्षानंतर काय, पैसे कोण भरणार, आत्या काय करते, या प्रश्नांची उत्तरे मुलाने स्वतःच्या शब्दांत दिली पाहिजेत. पाठ केलेले उत्तर दोन वाक्यांतच ओळखू येते. आणि ज्या योजनेत "पुढचे तिथे गेल्यावर बघू" असे आहे ती योजना अधिकाऱ्याला पटत नाही, कारण ती खरोखर योजनाच नसते.

म्हणून मला वाटते की या प्रश्नाचा खरा गाभा बारा महिन्यांनंतर काय हा आहे. दहावी अर्धवट टाकून मुलगा गेला आणि वर्षाने परत आला, तर त्याच्याकडे इथल्या बोर्डाची दहावी नसेल आणि तिथला डिप्लोमाही, म्हणजे शालेय शिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्रही नसेल. एका वर्षाचे गुणपत्रक तेवढे असेल. ते इथे अकरावीच्या प्रवेशासाठी ग्राह्य धरले जाईल की नाही हे बोर्डाकडून आणि अपेक्षित कनिष्ठ महाविद्यालयाकडून निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. तोंडी आश्वासनावर मुलाचे वर्ष पणाला लावू नये. माझा स्वतःचा कल असा आहे की मुलाने दहावीची बोर्डाची परीक्षा इथे द्यावी. त्यानंतर एकच वर्ष पाठवायचे असेल तर जे-1 ची वयाची आणि शिक्षणाची अट तेव्हाही पूर्ण होते, आणि दोन्ही वर्षे तिथेच करून डिप्लोमा घ्यायचा असेल तर खासगी शाळेचा एफ-1 घेता येतो. दहावीचे प्रमाणपत्र हातात असल्याने काही बिनसले तरी परतीचा रस्ता मोकळा राहतो. अर्थात मुलाला इथल्या शाळेत काही गंभीर त्रास होत असेल किंवा घरात तातडीचे कारण असेल, तर एक वर्ष थांबण्याचा हा सल्ला लागू पडणार नाही.

सध्या एवढे करावे. तुमच्या बहिणीने शाळेच्या प्रवेश कार्यालयाऐवजी डिस्ट्रिक्टच्या मुख्य कार्यालयाला ईमेल करून दोनच प्रश्न विचारावेत: तुमच्या हायस्कूलला एफ-1 विद्यार्थ्यांसाठी आय-20 देण्याची मान्यता आहे का, आणि असल्यास येत्या वर्षासाठी एका विद्यार्थ्यामागचा पूर्ण खर्च किती. अनेक डिस्ट्रिक्टकडे ही मान्यता नसते. उत्तर नकारार्थी आले तर सरकारी शाळेचा एफ-1 तिथेच निकालात निघतो आणि तुमचे काही महिने वाचतात. त्या उत्तरासोबत मुलाची जन्मतारीख, वर्षाला किती खर्च झेपेल याचा अंदाज, आणि बारावीनंतर मुलाने कुठे शिकावे असे तुम्हाला व त्याला वाटते, एवढे इथे कळवा. त्यानंतर कोणता पर्याय निवडावा याबद्दल मला नेमके सांगता येईल.